भाजी मंडईत स्केचबुक घेऊन बसताना

‘आई बाजारातून आली’ एवढी ओळ चितारायला मिळाली की नवख्या हातून ठरलेलं चित्र उतरतं: हसरा चेहरा, पिशवी, तिच्यातून डोकावणारी मेथी. हात कच्चा असतो म्हणून नाही, तर तेच आधी दहा ठिकाणी पाहिलेलं असतं म्हणून. प्रत्यक्षात पिशवीचे बंद कोपरापर्यंत सरकवलेले असतात, सुट्टे पैसे अजून मुठीतच असतात आणि कुलूप उघडेपर्यंत पिशवी गुडघ्याने दाराला टेकवून धरलेली असते. असं काही टेबलाशी बसून सुचत नाही, ते आधी बघून ठेवावं लागतं.

सुरुवातीला भाजी मंडई उत्तम. पुण्याची महात्मा फुले मंडई १८८६ सालची. दगडी इमारत, मधोमध अष्टकोनी मनोरा. पहिल्याच दिवशी तो मनोरा काढायचा मोह आवरा, खिडक्या मोजण्यातच सकाळ संपते. माणसं काढा.

सोबत ए-५ आकाराची वही, ४बी (मऊ, गडद) पेन्सिल आणि ०.३ मिलिमीटर टोकाचं वॉटरप्रूफ पेन पुरे. कागद १२० ते १५० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे चौरस मीटरमागे ग्रॅममधलं वजन) असावा. त्याहून पातळ कागद पाण्याचा हात फिरताच फुगतो. फाउंटन पेनची साधी शाई ओल्या ब्रशखाली पसरते, आणि विक्रेतीचा चेहरा निळा होतो.

पहिली दहा मिनिटं फक्त वस्तू काढा: टोपल्या, वजनं, गोणपाट, कोथिंबिरीच्या जुड्या. तेवढ्यात आजूबाजूच्यांना तुमची सवय होते. समोरच्या मावशींना ‘थोडा वेळ बसून चित्र काढू का?’ असं विचारूनच बसा, आणि गिऱ्हाइकाची वाट अडवू नका.

सगळ्यात जास्त फसगत होते ती चेहऱ्यापासून सुरुवात केल्यामुळे. डोळे-नाक होईस्तोवर माणूस पिशवी उचलून पुढच्या गाळ्यावर गेलेला असतो. आधी पाठीच्या कण्याची एक रेघ, मग खांद्यांचा आणि कमरेचा कल, मग हात आणि हातातली वस्तू. चेहरा शेवटी, तोही वेळ उरला तर. एका आकृतीला तीस सेकंद ते दोन मिनिटं. शरीराचा भार कोणत्या पायावर आहे हे चुकलं की आकृती हवेत तरंगते, मग चेहरा कितीही छान जमलेला असो.

विक्रेत्यांचं काम फिरून फिरून तेच असतं: तागडी उचलणं, पाणी शिंपडणं, सुट्टे मोजणं. याचा फायदा घ्या. एकाच पानावर चार-पाच आकृत्या अर्धवट सुरू करा. तागडी खाली गेली की ती आकृती तशीच सोडून पाणी शिंपडणारी पुढे न्या. तागडी परत वर आली की पहिलीकडे वळा. पाऊण तासात पान भरतं, आणि त्यातल्या दोन आकृत्या कामाच्या निघाल्या तरी सकाळ चांगली गेली.

मोबाइलवर फोटो काढून घरी चितारणं सोपं वाटतं, पण जवळून घेतलेल्या फोटोत पुढचा हात अवाढव्य आणि डोकं लहान दिसतं. ती विकृती नकळत चित्रात शिरते. फोटो फार तर टोपलीच्या विणीसाठी किंवा फलकावरच्या अक्षरांसाठी ठेवा.

रंग तिथे भरत बसू नका, लिहून ठेवा. वर लाल ताडपत्री असेल तर तिच्याखाली सगळ्यावरच लाली चढते. कोबी, पांढरा सदरा, तळहातसुद्धा. घरी आठवणीतून कोबी नुसता हिरवा रंगवला की उन्हातली ती जागा हरवते. ‘कोबी – कडेला गुलाबी’ एवढी नोंद पुरते.

त्याच संध्याकाळी पानं चाळून एखादी हालचाल निवडा आणि तिच्यावरून पाच बाय सात सेंटीमीटरच्या सहा चौकटींत सहा छोटी कच्ची चित्रं काढा. पहिल्या दोन-तीन हमखास ओळखीच्या येतात. बहुधा चौथीपासून पुढे काहीतरी नवं दिसू लागतं, म्हणून तिसरीवर थांबू नका.

निघण्यापूर्वी पान मावशींना दाखवा. तागडी धरलेलं बोट चुकलं असेल तर त्या लगेच सांगतात, आणि हातात धरून दाखवतातही. तेवढ्यात तो हात पुन्हा काढून घ्या.