गिरणीतल्या आजोबांचा माग

“आजोबा गिरणीत होते,” एवढंच आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कुठली गिरणी, कुठलं खातं, किती वर्षं, असं विचारलं की “लालबागला” एवढंच उत्तर यायचं. दोन वर्षं शोधून मी त्यांची नोकरी बरीचशी जुळवली. तुमचे आजोबा-पणजोबाही मुंबईच्या गिरणीत असतील, तर माझा अनुभव कामाला येईल.

सुरुवात वर्तमानपत्रापासून करू नका. साध्या साचेवाल्याचं, म्हणजे मागावर कापड विणणाऱ्याचं, नाव पेपरात क्वचितच येतं. आधी गावच्या घरचा माळा उपसा. देवरुखजवळच्या आमच्या घरात पत्र्याच्या पेटीत आजीने मनीऑर्डरची कुपनं सुतळीने बांधून ठेवली होती. कुपनावर तारीख, रक्कम, पाठवणाऱ्याचा पत्ता आणि दोन ओळींची खुशाली असते. मी ती तारखेप्रमाणे वहीत उतरवली. पत्ता चिंचपोकळीचा डिलाईल रोडचा कधी झाला, पंधरा रुपयांचे वीस कधी झाले, सगळं दिसायला लागलं. कुठल्या महिन्यात पैसे आले नाहीत तेही लिहून ठेवा. ते रिकामे महिनेच पुढे फार उपयोगी पडतात.

मग गिरणीचे कागद: तिकीट नंबर (गिरणीतला कामगाराचा क्रमांक), पगाराची चिठ्ठी, १९५२ नंतरचा प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर, १९५४ नंतरचं विमा कार्ड. कार्डावर आडनाव नसेल, तर ते आपल्या माणसाचं नाही असं समजू नका. आमच्या आजोबांचं नुसतं नाव आणि वडिलांचं नाव होतं, तेही इंग्रजीत दोन कागदांवर दोन तऱ्हांनी. गिरणीचं नावही बदललेलं असू शकतं. जेकब ससून मिल पुढे इंडिया युनायटेड नंबर एक झाली. १९७४ नंतर बऱ्याच गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या, त्यामुळे जुन्या नावाने विचारलं तर कारकून हात वर करतात. दोन्ही नावं लिहून न्या.

एक चूक मी स्वतः केली. कार्डावर १९४७ होतं, म्हणून नोकरी तिथूनच सुरू झाली असं धरलं. पण ती कायम झाल्याची तारीख होती. त्याआधी माणूस वर्षानुवर्षं बदली, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी काम करणारा, म्हणून रोज सकाळी गेटवर उभा राहायचा. काम मिळालं तर मिळालं. हा काळ गिरणीच्या कागदांत सापडणं कठीण. तो मला गावकीच्या खोलीत सापडला. कोकणातल्या गावांच्या अशा खोल्या गिरणगावात होत्या. एका खोलीत तीस-चाळीस जण पाळीप्रमाणे झोपायचे आणि महिन्याची वर्गणी भरायचे. आमच्या मंडळाने जुन्या वह्या जपल्या आहेत. त्यात आजोबांची पहिली वर्गणी १९४० ची आहे. म्हणजे सात वर्षं बदली! हे कळलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तुमच्या गावाचं मुंबई मंडळ असेल तर चिटणीसांना आधी भेटा, आणि वही तिथेच बसून वाचा, घरी मागू नका.

आता वर्तमानपत्रं. नवाकाळ १९२३ पासूनचा, नवशक्ती १९३४ पासूनचा, लोकसत्ता १९४८ पासूनची. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संदर्भ विभागात चौकशी करा. कुठल्या वर्षांचे अंक पाहायला मिळतील ते आधी विचारूनच जा. पानं जीर्ण असतात, मोबाइलने फोटो काढायची परवानगीही आधीच घ्या. आणि पेपरात नाव शोधत बसू नका, तुमच्या वहीतले रिकामे महिने शोधा.

आमच्या वहीत ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर १९५० कोरं होतं. पेपरात उत्तर मिळालं: बोनससाठी गिरणी कामगारांचा संप, १४ ऑगस्टपासून ६३ दिवस. पण मग घर कसं चाललं? आत्या म्हणाली, “अगं, त्या वर्षी गणपतीला आबा आले ते भात कापूनच गेले.” पैसे आले नव्हते, कारण माणूसच घरी आला होता.

नुसत्या आठवणीवर थांबू नका, दुसरा कागद शोधा. धाकट्या काकांच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून १९५१ आहे. ही तारीख पुष्कळदा गुरुजींनी अंदाजाने घातलेली असते, म्हणून मी तहसील कार्यालयात जन्माच्या नोंदीची नक्कल मागितली. जुनी नोंद मोडीत असेल तर वाचणारा माणूस सोबत न्या. आमची मराठीत निघाली: २४ जून १९५१. संपात आजोबा गावी होते, याचा पुरावा म्हणजे आमचे काका.

नकलेची झेरॉक्स मी काकांना दिली. त्यांनी ती देवघरात आजोबांच्या फोटोमागे ठेवली आहे.