सरासरीबद्दलचं गृहीतक तपासताय? या चुका टाळा

निरोगी माणसाच्या अंगाचं सरासरी तापमान ९८.६ अंश फॅरनहाइट, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. हा आकडा कार्ल वुंडरलिश या जर्मन डॉक्टरांच्या १८६८ सालच्या ग्रंथातून रूढ झाला. त्यांनी सेल्सियसमध्ये ३७ दिला होता. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या मेरिलँडच्या संशोधकांनी १४८ निरोगी प्रौढांच्या ७०० नोंदी तपासल्या, तेव्हा सरासरी ९८.२ निघाली. त्यांच्या लेखातल्या आलेखांवरून १९९६ मध्ये १३० नोंदींचा एक संच विद्यार्थ्यांसाठी तयार केला गेला. त्याची सरासरी ९८.२५ आणि प्रमाण विचलन (नोंदी सरासरीभोवती किती पसरल्या आहेत त्याचं माप) ०.७३ आहे. जगभरच्या वर्गांत हा संच वापरतात, कारण एका नमुन्यावरून सरासरीबद्दलचा दावा तपासताना जितक्या चुका होतात, त्यातल्या बहुतेक इथे समोर दिसतात.

दावा नमुन्याबद्दल नसतो

जो दावा तपासायचा त्याला शून्य गृहीतक म्हणतात. प्रोजेक्टच्या वहीत सर्रास दिसणारं वाक्य: ‘शून्य गृहीतक: नमुन्याची सरासरी ९८.६ आहे.’ नमुन्याची सरासरी तर तुमच्यासमोरच आहे, ९८.२५. ती तपासायची गरजच नाही. प्रश्न आहे तो हा नमुना ज्या मोठ्या समूहातून आला त्या समूहाच्या सरासरीचा. म्हणून गृहीतक लिहिताना समूह कोणता, हे आधी स्पष्ट लिहा. मेरिलँडचे लोक १८ ते ४० वयाचे होते. त्यांच्यावरून सत्तरीतल्या माणसांबद्दल काही बोलायचं असेल, तर त्यासाठी वेगळा पुरावा लागेल.

याला जोडूनच दुसरी चूक. नमुन्याची सरासरी कमी दिसली की काही जण पर्यायी गृहीतक, म्हणजे शून्य गृहीतक नाकारलं तर जे मानायचं ते, ‘९८.६ पेक्षा कमी’ असं करून टाकतात. त्याने पी-व्हॅल्यू (दावा खरा धरला तर इतका किंवा याहून जास्त फरक दिसण्याची शक्यता) निम्मी होते आणि निकाल हवा तसा लागतो. टेस्ट एकतर्फी (फक्त कमी किंवा फक्त जास्त) की दुतर्फी (दोन्ही बाजू), हे आकडे पाहण्याआधीच ठरलं पाहिजे. एकाच दिशेचा फरक महत्त्वाचा असल्याचं ठोस कारण नसेल, तर दुतर्फीच घ्या.

प्रमाण विचलन आणि प्रमाण त्रुटी

सगळ्यात जास्त गाडी इथे अडकते, म्हणून आकडेमोड पूर्ण करूनच पाहू.

फरक: ९८.२५ वजा ९८.६ म्हणजे उणे ०.३५. याला थेट ०.७३ ने भागलं तर उत्तर येतं उणे ०.४८, आणि ‘फरक नगण्य’ असा निष्कर्ष निघतो. तो चूक आहे. ०.७३ हा एकेका माणसाच्या तापमानातला फैलाव आहे. आपल्याला हवा आहे तो सरासरीचा फैलाव, म्हणजे पुन्हा पुन्हा १३० जणांचा नमुना घेतला तर त्यांच्या सरासऱ्या किती हलतील तो. १३० चं वर्गमूळ सुमारे ११.४. ०.७३ भागिले ११.४ म्हणजे ०.०६४. ही प्रमाण त्रुटी, म्हणजेच स्टँडर्ड एरर. आता उणे ०.३५ ला ०.०६४ ने भागा: साधारण उणे ५.५. यालाच ‘टी’ म्हणतात. पाच टक्के पातळीची (दावा खरा असूनही तो नाकारण्याची पाच टक्के जोखीम घेऊन ठरवलेली) सीमा दोन्ही बाजूंना साधारण १.९८ आहे. म्हणजे उत्तर सीमेच्या बरंच पलीकडे गेलं, आणि शून्य गृहीतक नाकारलं जातं.

हाच गोंधळ विश्वास-अंतराल, म्हणजे समूहाची सरासरी ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असावी असा अंदाज, वाचतानाही होतो. इथे ९५ टक्के विश्वास-अंतराल ९८.१२ ते ९८.३८ येतं. ‘९५ टक्के लोकांचं तापमान या दोन आकड्यांमध्ये असतं’ असं कुणी लिहिलं तर ते साफ चूक. हे अंतराल सरासरीचं आहे, माणसांचं नाही. याच संचात नोंदी ९६.३ पासून १००.८ पर्यंत पसरल्या आहेत.

कॉम्प्युटरने विचित्र उत्तर दिलं तर

एक्सेलमधलं ‘झेड.टेस्ट’ हे सूत्र वापरून या संचाची पी-व्हॅल्यू काढलीत, तर जवळजवळ १ येईल. ते पाहून ‘गृहीतक एकदम बरोबर’ असं लिहू नका. हे सूत्र फक्त वरच्या बाजूची शक्यता देतं. नमुन्याची सरासरी दाव्यापेक्षा कमी असली की उत्तर ०.५ च्या वर जाणारच. शिवाय समष्टीचं, म्हणजे त्या मोठ्या समूहाचं, प्रमाण विचलन दिलं नाही, तर ते गुपचूप नमुन्याचंच वापरतं.

त्यापेक्षा टी स्वतः काढा आणि ‘टी.डिस्ट.२टी’ हे सूत्र घ्या, स्वातंत्र्य मात्रा (नोंदींपेक्षा एक कमी) १२९. मात्र त्यात उणे संख्या घातली तर एरर येते, म्हणून चिन्ह काढून ५.५ घाला. प्रमाण विचलनासाठी शेवटी ‘एस’ असलेलं सूत्र वापरा, ‘पी’वालं नको. ‘पी’वालं संपूर्ण समष्टी हातात असताना वापरायचं असतं.

‘आर’ हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांची अडचण वेगळी. टी-टेस्टच्या आज्ञेत ‘म्यू’ची, म्हणजे दाव्यातल्या सरासरीची, किंमत द्यायची राहिली, तर ‘आर’ ती शून्य धरतं आणि टी येतो सुमारे १५२८. सरासरी तापमान शून्य अंश नाही, एवढंच त्यातून सिद्ध होतं! टी इतका अवाढव्य दिसला की आधी म्यू बघा, मग एककं बघा. नोंदी फॅरनहाइटमध्ये आणि म्यू ३७, असंही होतं.

टी की झेड?

समष्टीचं प्रमाण विचलन खरोखर माहीत असेल तरच झेड, आणि ते जवळपास कधीच माहीत नसतं. विल्यम गॉसेट हे डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करत. तिथे थोड्याशाच नमुन्यांवरून निर्णय घ्यावे लागत. त्यातून त्यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने टी-वितरण मांडलं. पाच नोंदी असतील तर सीमा झेडची १.९६ नसते, टीची २.७७६ असते. ‘तीसच्या वर झेड, खाली टी’ हा नियम तक्ते हाताने बघायच्या काळातला आहे. आज सरळ टी वापरा.

नोंदी किती, माणसं किती?

मेरिलँडच्या ७०० नोंदी १४८ जणांच्या आहेत. ७०० ला नमुन्याचा आकार समजून वर्गमूळ काढलं, तर प्रमाण त्रुटी ०.०२८ येते. १४८ धरले तर ०.०६०. एकाच माणसाच्या चार-पाच नोंदी एकमेकींसारख्या असतात, म्हणून त्या स्वतंत्र पुरावा ठरत नाहीत. सोपा मार्ग असा: प्रत्येकाची एक सरासरी काढा आणि मग टेस्ट करा. तापमान पहाटे कमी आणि दुपारनंतर जास्त असतं, हेही ध्यानात ठेवा. सगळ्या नोंदी सकाळी सहाच्या असतील, तर टेस्ट बिनचूक करूनही उत्तर चुकेल.

मापनातला असा कल नमुना वाढवून जात नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पीक-कापणीच्या पाहण्यांबाबत नेमकं हेच दाखवलं. कापणीसाठी घेतलेला तुकडा फार लहान असला, की कडेवरची रोपं आत धरली जातात आणि उत्पादन फुगतं. असे हजार तुकडे कापले तरी ते फुगलेलंच राहतं. वुंडरलिश यांच्याकडे तर नोंदींचा डोंगर होता, पण त्या काखेतल्या होत्या, आणि संग्रहालयात असलेल्या त्यांच्या एका थर्मामीटरची पुढे तपासणी झाली तेव्हा ते आजच्यापेक्षा जास्त तापमान दाखवत असल्याचं आढळलं.

‘नाकारता आलं नाही’ म्हणजे ‘खरं ठरलं’ नव्हे

समजा तुमच्याकडे दहाच जण आहेत, सरासरी तीच ९८.२५ आणि विचलनही ०.७३. प्रमाण त्रुटी ०.२३, टी उणे १.५ च्या आसपास, सीमा २.२६. शून्य गृहीतक नाकारता येत नाही. पण विश्वास-अंतराल बघा: ९७.७३ ते ९८.७७. त्यात ९८.६ बसतं, तसंच ९८.० सुद्धा बसतं. पुरावा तोकडा आहे, इतकंच यातून कळतं.

पी-व्हॅल्यूचंही तसंच. ती गृहीतक खरं असण्याची शक्यता नव्हे. गृहीतक खरं धरलं, तर इतका किंवा याहून जास्त फरक दिसण्याची ती शक्यता आहे. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला २०१६ मध्ये हे निवेदन काढून सांगावं लागलं.

अहवालात ‘पी ०.०५ पेक्षा कमी, म्हणून सार्थक’ एवढ्यावर थांबू नका. असं लिहा: ‘१३० नोंदींची सरासरी ९८.२५ अंश (९५ टक्के विश्वास-अंतराल ९८.१२ ते ९८.३८), टी उणे ५.४५, स्वातंत्र्य मात्रा १२९, पी ०.००१ पेक्षा कमी, सरासरी ९८.६ पेक्षा सुमारे एक तृतीयांश अंशाने कमी.’ एक तृतीयांश अंशाने ताप आहे की नाही हे ठरवण्यात फरक पडतो का, हे डॉक्टर सांगतील. तो निर्णय पी-व्हॅल्यूवर सोपवू नका.