आपला ‘सीझन’ शोधताय? या चुका टाळा

‘सीझन’ म्हणजे आपल्या कांतीला शोभणाऱ्या रंगांचा गट: स्प्रिंग, समर, ऑटम, विंटर. ऑटममध्ये सोनेरी झाकेचे मातकट रंग, विंटरमध्ये निळसर झाकेचे ठळक. हल्ली फोटो दिला की ॲपही सीझन सांगतं. “मावशी, ॲपने ऑटम सांगितलंय!” असं म्हणत भाचीने रिसेप्शनसाठी मोहरी रंगाची पैठणी घेतली. मला दाखवली ती घेऊन झाल्यावर. बाल्कनीत उजेडात तिच्या खांद्यावर पदर टाकला तर पोर कावीळ झाल्यासारखी दिसायला लागली. डोळ्यांखालची काळी वर्तुळं वर आली, ओठांच्या कडा काळवंडल्या. ॲपला फोटो कुठला दिलास म्हटलं, तर रात्री हॉलमध्ये काढलेला सेल्फी! हॉलमधला पिवळा बल्ब साधारण २७०० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा). त्याखाली कुणाचीही कांती सोनेरी दिसते. ट्यूबलाइट बऱ्याचदा हिरवट झाक आणते. वर फोन स्वतःच्या मर्जीने रंग सुधारतो, मागची भिंत बदलली तरी चेहऱ्याचा रंग बदलतो. ती पैठणी शेवटी तिच्या सासूबाई नेसल्या. त्यांना काय सुरेख दिसली!

माझी रीत जुनी आहे. सकाळी दहाच्या सुमारास खिडकीकडे तोंड करून बसायचं, थेट ऊन नको. चेहरा धुतलेला, काजळही नको. केसांना मेंदी किंवा डाय असेल तर पांढऱ्या पंच्यात गुंडाळायचे. हनुवटीखाली आधी निळसर झाकेचं राणी रंगाचं कापड धरायचं, मग सोनेरी झाकेचं केशरी. नंतर पांढराशुभ्र आणि मोतिया. बघायचं चेहऱ्याकडे, कापडाकडे नाही. भाचीला राणी रंग लावला आणि डोळ्यांखालचं काळं तिथल्या तिथे फिकं पडलं. आपलं आपल्याला हे नीट कळत नाही, म्हणून शेजारी तोंडावर खरं बोलणारी एखादी बाई बसवा. यात तासभर जातो. पाच मिनिटांत निकाल हवा असणाऱ्यांनी खुशाल काळा कुर्ता घालावा.

दुसरं माझं दुखणं म्हणजे “मी सावळी, म्हणजे विंटर.” अगं, वर्ण किती गडद हा एक प्रश्न, त्यात झाक सोनेरी की निळसर-गुलाबी हा दुसरा, आणि तुला झळझळीत रंग पेलतात की मंद, हा तिसरा. या तिन्हींच्या हिशेबानेच चार सीझनचे बारा झाले. पाश्चात्त्यांच्या जुन्या ठोकताळ्यात काळे केस, काळे डोळे दिसले की विंटरचा शिक्का. तसं धरलं तर कोल्हापूरपासून नागपूरपर्यंत सगळं गाव विंटर! प्रत्यक्षात कितीतरी सावळ्या मुली विटकरी आणि शेवाळी रंगात उजळून निघतात. आणि ऑटम म्हणजे आपला शरद नव्हे. ते युरोपातल्या पानगळीचे तांबूस, मातकट रंग.

मनगटाच्या शिरांवरून निकाल लावू नका. सावळ्या हातावर त्या धड दिसतही नाहीत.

हळद लागली असेल किंवा कोकणातून रापून आला असाल, तर तो रंग उतरेपर्यंत थांबा.

फाउंडेशन हाताच्या पाठीवर लावून निवडू नका. जबड्याच्या कडेला लावा, दुकानाबाहेर या, चहा प्या, मग आरशात बघा. अर्ध्या तासात शेड गडद झाली असेल तर आत जाऊन दुसरी मागा, विक्रेती कितीही तोंड वाकडं करो.