लेसरनंतरचे थेंब : बाटल्या हाताला ओळखू येऊ द्या
चष्म्याचा नंबर काढायचं लेसर झालं की पहिल्या दिवशी डोळे चुरचुरतात, पाणी येतं, आणि तेव्हाच सारख्या दिसणाऱ्या बाटल्यांमधून थेंब घालायचे असतात. म्हणून औषधांची चिठ्ठी आधीच मागून घ्या.

१. अँटिबायोटिकच्या बाटलीला एक रबरबँड, स्टेरॉइडच्या बाटलीला दोन. कृत्रिम अश्रूंची तशीच ठेवा.
२. मोबाइलमध्ये औषधाच्या नावासकट अलार्म आधीच लावून ठेवा, कारण त्या दिवशी स्क्रीनकडे बघवत नाही.
३. दोन औषधांमध्ये ५ मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो. बाटलीचं टोक पापणीलाही लागू देऊ नका.

गालावर ओघळलेलं टिपा, पण डोळा अजिबात चोळू नका. लॅसिक (बुबुळावर पातळ चकती कापून, ती उचलून केलेलं लेसर) असेल तर ती चकती सरकू शकते. दुखणं वाढलं किंवा अचानक कमी दिसू लागलं, तर डॉक्टरांना लगेच फोन करा.