जुन्या गाडीचा ब्रेक लाइट: आधी अर्थिंग बघा
पावडर कोटिंग करून आणलेली येझदी चकाचक दिसते, पण ब्रेक दाबला की मागचा दिवा नुसता मिणमिणतो. लगेच वायरिंग उचकटू नका. मडगार्डला दिव्याचा बोल्ट बसतो तिथला रंग रुपयाएवढा खरवडून धातू उघडा करा. रंगामुळे अर्थिंग, म्हणजे गाडीच्या धातूतून वीज परत जायची वाट, तुटतं; बऱ्याचदा दुखणं तिथंच असतं.

मग बल्ब. पुण्यात नाना पेठेत मागताना ‘६ व्होल्ट, २१/५ वॅट’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर हातात १२ व्होल्टचा पडतो आणि तो उदबत्तीसारखा पेटतो. बल्ब उलटा बसू नये म्हणून त्याच्या दोन पिना मुद्दाम वरखाली असतात. आतल्या दोन तारांपैकी २१ वॅटची ब्रेकची, ५ वॅटची टेल लाइटची. पिन कानशीने घासून उलटा बसवला (मी हा पराक्रम केलाय) तर टेल लाइट झगझगीत आणि ब्रेक दाबला तरी मागच्याला पत्ता नाही!

शेवटी पायाच्या ब्रेकचा स्विच. ब्रेकचा लायनर चाकाच्या ड्रमला टेकायच्या आधीच दिवा लागेल एवढी स्प्रिंग ताणून नट आवळा. मागचा ब्रेक टाइट केलात की हा स्विचही पुन्हा बघावा लागतो. लक्ष्मी रोडच्या गर्दीत निघण्याआधी भिंतीवर लाल उजेड पडतोय ना, तेवढं बघा.