फळ्यावरचा दिनविशेष कसा तयार करावा: १ ऑगस्टच्या पानावरून

परिपाठात प्रतिज्ञा झाली, सुविचार झाला की दिनविशेषाची पाळी येते. बऱ्याच ठिकाणी एक मूल कागद घेऊन उभं राहतं आणि बारा-पंधरा ओळी एका दमात वाचून टाकतं. मागच्या रांगेतली पोरं तोवर पायानं मातीत रेघोट्या ओढत असतात. मी सातारा जिल्ह्यात, कोयनेच्या खोऱ्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि गेली अठरा वर्षं दिनविशेष माझ्याकडे आहे. यंदा आमच्याकडे नव्यानं रुजू झालेल्या शिक्षिकेनं विचारलं, "मॅडम, हे रोज कुठून काढता?" तिला जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहिते.

आधी एक जाड रजिस्टर घ्या. चारशे पानी असलं की पुरतं. एका पानावर एकच तारीख, वर्ष लिहायचं नाही. म्हणजे ते रजिस्टर जन्मभर चालतं. पानं ३६६ आखा. २९ फेब्रुवारीचं पान विसरू नका, मोरारजी देसाईंचा जन्म त्याच तारखेचा, १८९६ सालचा. पानाच्या वरच्या भागात घटना, मधे जन्म आणि मृत्यू, आणि तळाशी चार ओळी मोकळ्या ठेवून त्यावर "शंका" असं लिहा. सापडलेली नोंद आधी पेन्सिलीनं टिपायची. खात्री झाली की तीच ओळ पेनानं गिरवायची. फळ्यावर फक्त पेनाची ओळ जाते. माझं सगळं काम या एका नियमावर उभं आहे, आणि तो मला एका चुकीनं शिकवला.

१४ फेब्रुवारी होती. आदल्या रात्री मोबाइलवर संदेश आला होता की याच दिवशी भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांना फाशी झाली. मी सकाळी तो तसाच रंगीत खडूनं फळ्यावर लिहिला. सातवीतला एक मुलगा रांगेतून म्हणाला, "बाई, शहीद दिन तर २३ मार्चला असतो ना?" तो बरोबर होता. फाशी झाली २३ मार्च १९३१ ला, लाहोरच्या तुरुंगात. मी सगळ्या मुलांसमोर ओल्या फडक्यानं ती ओळ पुसली आणि मुलांना सांगितलं की बाईंनी तपासलं नव्हतं. राजगुरू आपल्या खेडचे. त्या गावाला आता राजगुरुनगर म्हणतात. त्यांच्या मरणाची तारीख मी चुकीची लिहिली, हे मला आजही लागतं. त्या दिवसापासून रजिस्टरला पेन्सिल बांधलेली आहे.

खात्री करायची म्हणजे काय? एकमेकांवरून उतरवलेल्या दहा याद्या ताडून पाहणं म्हणजे खात्री नव्हे. दिनविशेषाच्या याद्या एकीवरून दुसरी अशाच उतरत जातात, आणि चूकही सोबत उतरते. मी पहिल्यांदा मराठी विश्वकोश पाहते. आमच्या वाईतूनच तो तयार झाला, आणि आता मोबाइलवर फुकट वाचता येतो. त्यानंतर त्या माणसाचं चरित्र, नाहीतर पाठ्यपुस्तक. दोन वेगळ्या ठिकाणी तारीख जुळली तर पेन हातात घ्यायचं. जुळली नाही तर ती नोंद तळाच्या "शंका"त ठेवायची. माझ्या रजिस्टरात आठ-आठ वर्षं पेन्सिलीत असलेल्या ओळी आहेत, आणि त्यांची मला घाई नाही.

आता तिथीबद्दल. जुन्या मराठी नोंदींत शक आणि तिथी असते, आणि इथं नवशिका हमखास अडखळतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे सगळ्यांना पाठ असतं. पण शिवरायांचा जन्म घ्या: फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. १५५१ अधिक ७८ केले तर १६२९ येतात. मग १६३० कुठून आलं? शकाचं वर्ष पाडव्याला सुरू होतं. फाल्गुन येईतो इंग्रजी वर्ष बदललेलं असतं, म्हणून १ जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९ मिळवायचे. राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ चा. तिथं ७८ च मिळवा, १६७४ बरोबर येतं. हे गणित पाचवीच्या वर्गाकडून फळ्यावर करून घ्या. मुलांना फार आवडतं, कारण शिवरायांची तारीख त्यांनी स्वतः काढलेली असते.

यात आणखी एक खाच आहे. १९ फेब्रुवारी आणि ६ जून या तारखा जुन्या ज्युलियन पंचांगाच्या आहेत. आज आपण वापरतो ते ग्रेगोरियन पंचांग त्या काळी १० दिवस पुढं होतं. इंग्लंडनं ते १७५२ मध्ये स्वीकारलं, तेव्हा २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी एकदम १४ सप्टेंबर उजाडला. म्हणूनच न्यूटनचा जन्म कुठं २५ डिसेंबर १६४२ मिळतो, कुठं ४ जानेवारी १६४३. दोन्ही खरे आहेत. अशा वेळी एक तारीख निवडा आणि तिच्याशेजारी "जुन्या पंचांगानुसार" एवढं लिहा.

जन्मतारखेच्या बाबतीत १ जून दिसला की मी थांबते. आपल्याकडे शाळेत नाव घालायला आलेल्या आईला तारीख सांगता आली नाही की गुरुजी १ जून टाकायचे. माझ्या सासऱ्यांची, त्यांच्या भावाची आणि शेजारच्या मामांची जन्मतारीख कागदोपत्री १ जूनच आहे. एखाद्या जुन्या पिढीतल्या मोठ्या माणसाचा जन्म १ जूनचा दिसला तर ती तारीख शाळेच्या दाखल्यावरची आहे का, हे आधी पाहा.

मध्यरात्रीच्या आसपासच्या घटनाही अशाच. माणूस चंद्रावर उतरला ती तारीख सगळीकडे २० जुलै १९६९ दिलेली असते. आपल्या घड्याळात तेव्हा २१ जुलैची रात्र होती, पावणेदोनचा सुमार. मी २० च्या पानावर नोंद ठेवते आणि २१ च्या पानावर बाण काढते.

आता निवड. इथं जरा वेळ घालवा, कारण खरं काम हेच आहे. १ ऑगस्टचं माझं पान गच्च भरलेलं आहे. १७७४ साली जोसेफ प्रीस्टली यांनी पाऱ्याचं ऑक्साइड भिंगानं तापवून ऑक्सिजन वेगळा केला. १९१४ ला जर्मनीनं रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं. १९३६ ला बर्लिन ऑलिंपिकचं उद्घाटन झालं. मीनाकुमारीचा जन्म १९३३ चा. शिवाय आपल्या राज्यात हा महसूल दिन असतो. महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपतं. हे सगळं वाचलं तर मुलांच्या हाती काही लागत नाही. मी तीनच नोंदी घेते, आणि १ ऑगस्टला तिन्ही एकाच वर्षातल्या आहेत. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मी रजिस्टर मिटून बराच वेळ नुसती बसले होते. फळ्यावर असं लिहिते:

"१ ऑगस्ट १९२०. मध्यरात्र उलटल्यावर मुंबईत सरदारगृहात लोकमान्य टिळकांनी देह ठेवला. याच दिवशी गांधीजींनी इंग्रजांनी दिलेलं कैसर-ए-हिंद पदक परत केलं आणि असहकार आंदोलन सुरू झालं. आणि याच दिवशी सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावात तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म झाला. पुढं सगळा महाराष्ट्र त्यांना अण्णाभाऊ म्हणू लागला."

मग विचारते, वाटेगाव कुठं आलं? वाळवा तालुक्यात. कुणाची मावशी तिकडची, कुणाचे पाहुणे. मातंग समाजातला, शाळेत जेमतेम गेलेला हा मुलगा पुढं मुंबईत शाहीर झाला. अमर शेख आणि गवाणकरांच्या बरोबरीनं कलापथक घेऊन तो संयुक्त महाराष्ट्रासाठी गायला आणि कादंबऱ्या लिहून गेला. टिळकांच्या अंत्ययात्रेला मुंबईत माणसांचा पूर लोटला होता. त्याच दिवशी वाटेगावच्या मांगवाड्यात एक बाळ रडलं, ते कुणाच्या गावीही नव्हतं. हे सांगितल्यावर रेघोट्या ओढणारे पाय थांबतात. प्रीस्टलीला मी फळ्यावर घेत नाही. तो दुपारी विज्ञानाच्या तासाला येतो. महसूल दिनाला सातबाऱ्याचा एक उतारा दाखवते आणि त्यावर काय काय असतं ते वाचून घेते.

लिहिताना शब्द जपा. हयात माणसाचा वाढदिवस, गेलेल्याची जयंती. पुण्यतिथी किंवा स्मृतिदिन असेल तिथं "हार्दिक शुभेच्छा" लिहू नका. हे मी छापील फलकांवरही पाहिलं आहे आणि वाईट वाटतं. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिन असंच लिहा. "थोर समाजसुधारक" एवढंच लिहून थांबू नका, त्यांनी काय केलं ते एका क्रियापदात सांगा. "सावित्रीबाई फुले, जन्म ३ जानेवारी १८३१, नायगाव, मुलींना शिकवलं" हे पहिलीच्या मुलीलाही कळतं. वाचायला दोन मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील तर एक ओळ काढा. वाचणाऱ्या मुलाला कागद आदल्या दिवशी द्या. परकी नावं त्याला मोठ्यानं तीनदा म्हणायला लावा.

शेवटची गोष्ट, आणि ही मी फार उशिरा सुरू केली. प्रत्येक पानाला मागची बाजू असते. ती गावासाठी ठेवा. शाळेची पहिली खोली कधी बांधली, वीज कधी आली, पहिली एसटी कधी आली. तारखा ग्रामपंचायतीत मिळतात, शाळेच्या जुन्या हजेरीपटात मिळतात, आणि घरोघरच्या म्हाताऱ्यांकडे मिळतात. म्हातारी माणसं तारीख सांगत नाहीत, खूण सांगतात: "बैल विकला त्या साली", "थोरली बाळंत झाली तेव्हा". मुलांनी खूण लिहून आणायची, तारीख आपण शोधायची.

आमच्याकडे ११ डिसेंबरच्या पानावर पुढच्या बाजूला एकच ओळ आहे: १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं, कोयनेचा भूकंप. मागची बाजू पूर्ण भरली आहे. चौथीतल्या एका मुलीनं आजीला विचारून लिहून आणलं होतं, "आजी म्हणते आधी भांडी वाजली, मंग भित पडली. आजीनं काकाला पाळण्यातनं उचलला. पाळणा तितंच राहिला." मी तिचे शब्द तसेच उतरवले, शुद्धलेखन दुरुस्त केलं नाही. पेनानं.