न्यूट्रल का तापत होती?

जुन्या ऑफिस इमारतीच्या एका मजल्याचं नूतनीकरण होतं. लोडचा तक्ता मी स्वतः केला, तिन्ही फेज नीट बॅलन्स केले. रायझरमधली (मजल्यांमधून वर जाणाऱ्या शाफ्टमधली) जुनी साडेतीन कोर केबल शाबूत दिसली, मेगरिंगही (इन्शुलेशनची चाचणी) उत्तम आलं, म्हणून ती तशीच ठेवली. इथेच फसलो.

मजला सुरू झाला आणि काही दिवसांतच डीबीतून (वितरण बोर्डातून) जळकट वास. उघडून पाहिलं तर न्यूट्रलच्या, म्हणजे परतीच्या तारेच्या, लगजवळचं (टोकाच्या जोडणीजवळचं) इन्शुलेशन तपकिरी, कडक झालेलं. आधी वाटलं, लग ढिली असेल. घट्ट केली, तरी तापतच राहिली.

मग ट्रू आरएमएस टाँग टेस्टर (करंटचा आकार वेडावाकडा असला तरी अचूक मोजणारा क्लॅम्प मीटर) आणला (आमचा जुना फेजचा करंट कमीच दाखवायचा). फेजवर साधारण ६० अँपिअर, न्यूट्रलवर ७०! बॅलन्स लोडला न्यूट्रल जवळजवळ शून्य हवी, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की दोनदा मोजलं.

दोष एलईडी ड्रायव्हर आणि कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायचा. त्यांची तिसरी हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या तिप्पट फ्रिक्वेन्सीचा करंट) तिन्ही फेजमधून येऊन न्यूट्रलमध्ये रद्द होत नाही, बेरीज होते. आणि साडेतीन कोरमधला न्यूट्रल असतो फेजच्या तारेच्या जेमतेम अर्धा.

वरचा लोड तात्पुरता कमी केला. पुढच्या सुट्टीत शटडाऊन घेऊन पूर्ण न्यूट्रलची चार कोर केबल टाकली, साइज न्यूट्रलच्या करंटवरून ठरवला. डीबीतली न्यूट्रल लिंकही बदलली. आता लोड तक्त्यात न्यूट्रलचा वेगळा रकाना असतो.